उसाचा डीएनए आणि सोळा थ्रेडांचा घोळ

पंचगंगेच्या काठच्या मळ्यांत उभ्या असलेल्या उसाचा जीनोम माणसाच्या जीनोमपेक्षा कितीतरी किचकट आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, उसाच्या पेशीत साधारण १०० ते १३०. त्यातही एकाच गुणसूत्राच्या जवळपास सारख्या अनेक प्रती. आर-५७० या जातीचा सविस्तर जीनोम प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडलं, ते उगाच नाही.

कोल्हापुरात बसून को ८६०३२ सारख्या आपल्या ओळखीच्या जातीचा डीएनए तपासायचा, तर यंत्राकडून साधारण १५० अक्षरांचे कोट्यवधी तुकडे हातात येतात. प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोमवर, म्हणजे आधीच वाचून तयार असलेल्या नमुन्यावर, नेमका कुठे बसतो हे शोधणं म्हणजे अलाइनमेंट. स्मिथ आणि वॉटरमन यांची १९८१ची पद्धत अचूक, पण एवढ्या पसाऱ्याला फार हळू. म्हणून २००९ मध्ये आलेल्या बीडब्ल्यूएसारखी सॉफ्टवेअर संदर्भाची सूची आधीच बनवून ठेवतात आणि शोधाचं काम अनेक थ्रेडांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांत, वाटून देतात. दुखणी सुरू होतात ती या वाटपातच.

नेहमीची तक्रार अशी, की आठाचे सोळा थ्रेड केले तरी वेळ तेवढाच लागतो. तोडणीच्या टोळ्या दुप्पट केल्या, पण कारखान्याच्या काट्यावरची रांग हलेना, तसा हा प्रकार. इथला काटा बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. १० टक्के काम एकापाठोपाठ एक असंच करावं लागत असेल, तर १६ कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणनकेंद्रं) लावूनही वेग जास्तीत जास्त ६.४ पट होतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब हेच सांगतो. प्रोसेसर रिकामा आणि डिस्क मात्र सतत गुंतलेली दिसली, तर थ्रेड आणखी वाढवण्यात अर्थ नाही.

काम मध्येच थांबून पडद्यावर फक्त ‘किल्ड’ उमटलं, तर आधी रॅमवर संशय घ्यावा. जुळवलेले तुकडे क्रमाने लावणाऱ्या सॅमटूल्सच्या सॉर्टमध्ये आपण देतो ती मेमरी दर थ्रेडमागे असते. २ जीबी लिहून १६ थ्रेड मागितले की ३२ जीबी गेलेच. एमपीआयवर, म्हणजे अनेक प्रक्रियांना आपसांत निरोप देऊ देणाऱ्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरची खोड वेगळी. ते एमपीआयच्या एका लायब्ररीवर बांधलेलं आणि सुरू केलं दुसरीच्या आज्ञेने, तर आठही प्रक्रिया स्वतःला एकटीच समजतात आणि तेच काम आठ वेळा होतं. प्रत्येकीला आपला क्रमांक छापायला लावावा; हे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. सगळीकडून शून्य आलं, की निदान झालं.

हे बिघाड निदान दिसतात तरी. मला जास्त काळजी वाटते ती काम सुरळीत संपून उत्तर बदलतं तेव्हा. तुकडे जोडीने येतात, एकाच डीएनए खंडाची दोन टोकं. बीडब्ल्यूए-मेम (बीडब्ल्यूएचीच एक पद्धत) ते गठ्ठ्यागठ्ठ्याने वाचतं आणि जोडीतलं नेहमीचं अंतर किती, याचा अंदाज प्रत्येक गठ्ठ्यापुरता नव्याने बांधतं. गठ्ठा किती मोठा? दर थ्रेडमागे १ कोटी अक्षरं. म्हणजे थ्रेड बदलले की गठ्ठे बदलतात, अंदाज किंचित सरकतो आणि काही तुकडे वेगळ्या जागी जाऊन बसतात. उसात तर एकच तुकडा अनेक प्रतींवर सारखाच चपखल बसतो, आणि कौल जोडीदाराच्या अंतरावर जातो. आठ थ्रेडांवर एक उत्तर, सोळावर दुसरं, आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही नाही!

उपाय सोपा आहे. कॅपिटल के हा पर्याय देऊन गठ्ठ्याचा आकार बांधून टाकावा; १० कोटी हा आकडा सर्रास वापरला जातो. मग मूळ फाइलमधल्या थोड्याशा जोड्या बाजूला काढून, आकार तोच ठेवून, एकदा एका थ्रेडवर आणि एकदा सोळावर चालवाव्यात. मात्र जुळवणीचं उत्तर साठवणाऱ्या दोन्ही बॅम फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, थेट ताडून पाहू नयेत. फाइलीच्या मथळ्यात दिलेली आज्ञा थ्रेडांच्या संख्येसकट नोंदलेली असते, त्यामुळे आतली जुळवणी अक्षरशः एक असली तरी चेकसम वेगळाच येतो. मथळा वगळून, उरलेल्या ओळीच ताडाव्यात.