शिरोरेखेची जाडी

मामा गेल्यावर ठाण्याला नौपाड्यातल्या घरी भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ते टीव्हीत होते ना? म्हणजे नेमकं काय करायचे?" चाळीस वर्षं एका भिंतीआड राहिलेल्यांनाही ते सांगता येत नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून निवृत्तीपर्यंत मामा वरळीच्या दूरदर्शन केंद्रात ग्राफिक आर्टिस्ट होते. कार्यक्रमाचं नाव, बातमीतला नकाशा, मुलाखत देणाऱ्याचं नाव, शेवटची श्रेयनामावली हे सगळं त्यांच्यासारख्या चार-पाच जणांच्या हातून कागदावर उतरायचं आणि मग महाराष्ट्रभर दिसायचं. मी नवी मुंबईत एका वृत्तवाहिनीच्या ग्राफिक्स विभागात काम करते, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी माझ्याकडे आली. पण ते दोन वाक्यांत देता येत नाही. त्यासाठी पडद्यावरचं मराठी अक्षर कुठून आलं, इथून सुरुवात करावी लागते.

दिल्लीत दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं. मुंबई केंद्र आलं त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ला. तोवर मराठी अक्षराचा छापील संसार शतकभर जुना झाला होता. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं होती, दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते आणि नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाटकाला स्वतःचं अक्षर देणारे मुलुंडचे कमल शेडगे होते. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत उपयोजित कलेचं शिक्षण १९३५ पासून चालू होतं. एवढं सगळं असलं तरी टीव्हीच्या काचेच्या नळीवर दिसण्यासाठी घडवलेलं मराठी अक्षर कुणाकडेच नव्हतं. ते नोकरी करता करता शोधावं लागलं.

मामा जे.जे.चेच. सकाळी ठाण्याहून लोकलने दादर, तिथून बसने वरळी. खांद्यावरच्या पिशवीत ब्रश, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि रूलिंग पेन. केंद्रात त्यांच्या टेबलावर काळ्या कार्डांचा गठ्ठा असे. पडद्याचं प्रमाण चारास तीन, म्हणून कार्डही त्याच मापात कापलेलं. त्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहायचं. स्टुडिओत ते कार्ड स्टँडवर लागायचं, एक कॅमेरा त्याच्यावर रोखलेला असायचा आणि कंट्रोल रूममध्ये व्हिजन मिक्सरवर ते चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवलं जायचं. काळं नाहीसं होऊन पांढरी अक्षरं तेवढी उरत. त्याला 'सुपर' म्हणत. रंग चमकणारा असेल तर स्टुडिओतले दिवे कार्डावर उमटत, म्हणून सगळं मॅट. श्रेयनामावली लांब काळ्या कागदावर लिहून रोलरला गुंडाळत आणि कुणीतरी हँडल हाताने फिरवत असे. हात जरा अडखळला की नावं गचका खात. कार्यक्रम थेट असेल तर तो गचका परत दुरुस्त करता येत नसे.

आता शिरोरेखेबद्दल. मामांचं सगळं आयुष्य मला या एका रेषेत दिसतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या ओळींचं होतं. सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी विषम ओळी, मग सम ओळी. या रचनेत एखादी आडवी रेघ इतकी बारीक असली, की ती एकाच ओळीवर पडेल, तर ती एका हप्त्यात उजळते आणि दुसऱ्यात गायब होते. म्हणजे सेकंदाला पन्नासऐवजी पंचवीसच वेळा दिसते, आणि तेवढी उघडझाप डोळ्याला कळते. रेघ थरथरते. रोमन अक्षरांना याचा त्रास कमी, कारण त्यांच्यात अखंड आडवी रेघ फारशी नसते. आपली लिपी मात्र एका आडव्या रेघेलाच टांगलेली आहे. कागदावर सुबक दिसणारं नाव पडद्यावर गेलं की अक्षरं स्थिर आणि वरची रेघ मात्र लुकलुकतेय, असं व्हायचं. परदेशी पुस्तकांत शिरोरेखेवर उपाय असणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या लिपीत ही रेघच नव्हती.

मामा आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या जाडीच्या शिरोरेखा लिहून कार्डं कॅमेऱ्यासमोर धरून बघत. रेघ जाड केली की लुकलुक थांबे, पण वरच्या मात्रा आणि अनुस्वार तिला चिकटत. मात्रा वर उचलल्या की ओळीची उंची वाढे आणि दोन ओळींचं नाव कार्डावर मावेना. ठ आणि ढ यांचे पोटातले गोल बुजत, म्हणून ते मोठे करायचे, आणि मग शेजारची अक्षरं लहान वाटत. 'ठाणे' हा शब्द त्यांना इतक्या वेळा पुन्हा लिहावा लागला, की आपल्या गावाचं नाव आपल्यालाच सगळ्यात जड गेलं, असं ते म्हणत. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. नव्या मुलाला शेजारी बसवून दाखवायचे, तेवढंच. मलाही त्यांनी असंच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

दुसरा शोध त्यांना घरी लागला. चाळीत तेव्हा एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि रविवारी संध्याकाळी सिनेमाला निम्मा मजला त्या खोलीत बसायचा. स्टुडिओतल्या मॉनिटरवर पूर्ण दिसणारं, मामांनी लिहिलेलं कार्यक्रमाचं नाव या सेटवर कडेला कापलेलं दिसलं. घरगुती सेट चित्र थोडं फुगवून दाखवत, त्यामुळे चारही कडांचा भाग चौकटीआड जाई. या व्यवसायात त्यासाठी सुरक्षित क्षेत्राचा नियम होताच: अक्षरं मधल्या ऐंशी टक्क्यांत ठेवा. पण नियम माहीत असणं आणि शेजारच्या आजीने "काय लिहिलंय रे ते, अर्धंच दिसतंय" असं विचारणं यात फरक आहे. त्यानंतर मामांनी प्रत्येक कार्डावर आधी पेन्सिलीने आतली चौकट आखायची सवय लावून घेतली. कॉम्प्युटर आल्यावरही ती चौकट आखल्याशिवाय ते पहिलं अक्षर ठेवत नसत.

शुद्धलेखनाचाही भार होता. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली लागू झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार मिळाले. म्हणजे अठरा नियम पूर्ण झाले ते केंद्र सुरू झालं त्याच वर्षी. जुन्या पिढीच्या हातातले अनुच्चारित अनुस्वार अजून सुटले नव्हते. पडद्यावर एक ऱ्हस्वदीर्घ चुकलं की दुसऱ्या दिवशी पत्रं येत. मामांना ती पत्रं आवडत. लोक वाचतात, याचा तो पुरावा होता.

१ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. सगळ्यांना पाठ असलेलं ते डोळ्यासारखं बोधचिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी विद्यार्थीदशेत रेखाटलं होतं. १९८२ साली रंग आला. राखाडीच्या छटांत विचार करणाऱ्यांना आता भडक लाल टाळायला शिकावं लागलं, कारण तो कडेला पसरायचा.

मोठी उलथापालथ कॅरेक्टर जनरेटरने, म्हणजे सीजीने केली. मशीनवर नाव टाइप करा आणि ते थेट चित्रावर. रोमनला हे सोपं होतं, जोडाक्षरांच्या लिपीला नव्हतं. देवनागरी कॉम्प्युटरवर नीट चालावी म्हणून आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' या तंत्रज्ञानाचं काम पुढे पुण्याच्या सीडॅक या संगणक संस्थेने नेलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं. विंडोजमधल्या 'मंगल' या फॉन्टची अक्षरं र. कृ. जोशींनी घडवली. या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. तरीही अनेक सॉफ्टवेअर हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनलेली होती, आणि मराठीचं वेगळेपण नेमकं तिथे अडायचं. ल आणि श हिंदी वळणाचे येत. शासनाने मराठी वळणाचे ल आणि श २००९च्या निर्णयात अधिकृत केले, पण मशीनमध्ये ते यायला वेळ गेला.

सगळ्यात जास्त छळलं ते ऱ्य या जोडाक्षराने. २००७-०८मध्ये मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या, 'झी २४ तास', 'स्टार माझा', 'आयबीएन लोकमत', सीबीडी बेलापूरची 'साम'. ठाणे ते वाशी गाडी २००४मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे माझ्यासारख्या ठाणेकरांना खाडीपलीकडची नोकरी जवळ आली. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या सीजीमध्ये 'शेतकऱ्यांचा' हा शब्द 'शेतकर्यांचा' असा उमटायचा. मराठी बातम्यांत ज्या शब्दावाचून एक दिवस जात नाही, तोच. पडद्यावरच्या बातम्यांच्या पट्टीवर तो गेला त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "अगं, शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार कुणी ठेवला?" मी म्हटलं, मामा, सॉफ्टवेअरमध्ये ते अक्षरच नाही. ते म्हणाले, "नसेल तर काढ. आम्ही काय केलं होतं?"

मी काढलं. ऱ्यचं चित्र करून ते शब्दात बसवलं, आणि सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत आमच्या शिफ्टमध्ये तेच वापरलं. ते पहिल्यांदा वापरलं त्या दिवशी शिफ्ट संपवून मी थेट नौपाड्यात गेले होते. मी मोबाईलवर काढलेला पट्टीचा फोटो मामांनी चष्मा वर करून पाहिला आणि उकाराबद्दल एक सूचना केली.

रोलरवर जागा कमी पडली की मामा आधी स्वतःचं नाव गाळत. म्हणून जुन्या श्रेयनामावल्यांत त्यांना शोधू नका. कार्डंही उरलेली नाहीत. कार्ड महाग असे, वापरून झालं की त्यावर काळा रंग मारून पुन्हा लिहीत. घरात एकच सापडलं, 'व्यत्यय' लिहिलेलं. त्याची शिरोरेखा मी पट्टीने मोजली. कार्डाच्या मापावरून हिशेब केला तर पडद्यावर ती तीन ओळी जाड पडत होती. आमच्या वाहिनीच्या टेम्प्लेटमध्येही ती तीनच ओळी आहे. ते टेम्प्लेट बनवताना मी कुणाला विचारलं नव्हतं, डोळ्याला बरं दिसलं तसं ठेवलं होतं.