चुन्यात बांधलेली वीट परत मिळते

पुण्याच्या पेठांमधला एखादा जुना वाडा पाडतात तेव्हा सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, विटा मात्र बऱ्याचदा राडारोडा म्हणून ट्रकमध्ये जातात आणि मला हे खरंच बघवत नाही. एक वीट भाजायला भट्टीत 800 ते 1000 अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणजे तिच्यासाठी जे इंधन जळायचं ते कधीच जळून गेलंय, आता ती जितकी वर्षं वापरात राहील तितकं ते वसूल होणार. घराची वीजबचत म्हटलं की आपण सोलर आणि एसीच्या स्टारवरच बोलतो, पण घर बांधतानाच जी ऊर्जा खर्च होते तिचा हिशोब कुणी मांडतच नाही.

आता जुनी वीट परत वापरता येईल का, हे ठरतं ती कशात बांधली होती त्यावर. सिमेंटचा सांधा बऱ्याचदा विटेपेक्षाही कडक असतो, सोडवायला गेलं की सांधा तसाच राहतो आणि वीट फुटते. चुना मऊ. थापीच्या कडेने खरवडला तरी निघतो आणि वीट अख्खी हातात येते. चुन्याची केमिस्ट्री पण भारी आहे, चुनखडी साधारण 900 अंशाला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरलेली चुनकळी पाण्यात विझवायची, आणि मग तो चुना भिंतीत बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे जाऊन बसतो, भेग आपोआप बुजते. सिमेंटसाठी भट्टी 1450 अंशापर्यंत न्यावी लागते, जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो.

जुनी वीट घेताना डोळे झाकून घ्यायची नाही. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर ती बाजूला काढा. नखाने ओरखडा उठता कामा नये. कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा, वजन 20 टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती बाहेरच्या भिंतीला नको. पांढरा लोणा दिसत असेल तर तीही नको, ते क्षार नंतर प्लास्टर उडवतात. तुटक्या विटांची सुद्धा सोय आहे, कुटून सुरखी करायची, ती चुन्यात मिसळली की चुना ओलाव्यातही घट्ट धरतो.

या विटांचं काय करायचं हे स्वस्त आणि साध्या घरांसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या कामात बघायला मिळतं. बर्मिंगहॅमला जन्मलेला हा माणूस पुढे तिरुवनंतपुरमचाच झाला आणि 2007 मध्ये तिथेच गेला. ते भंगारात जाऊन दारं-खिडक्या शोधायचे, तिथल्याच आक्कुळमच्या चित्रलेखा फिल्म सोसायटीच्या इमारतीचं कोरीव प्रवेशद्वार असंच भंगारातून आलेलं. त्यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये साधारण 3 इंचाची पोकळी राहते, भिंत 9 इंचीच आणि विटा सुमारे 25 टक्के कमी. स्थिर हवा विटेच्या मानाने 25-30 पट कमी उष्णता वाहून नेते, म्हणून दुपारचं ऊन आत यायला वेळ लागतो (अर्थात मधून मधून आडव्या लागणाऱ्या विटांमधून थोडी उष्णता येतेच). मात्र यासाठी विटा एकसारख्या मापाच्या हव्यात. वाड्यातल्या पातळ, वेड्यावाकड्या विटा आतल्या भिंतीला किंवा अंगणाच्या फरशीला वापराव्यात, उगाच ओढून ताणून रॅट-ट्रॅप करू नये. आणि गवंडी ओळंबा लावून काम करणारा हवा, ही भिंत उघडीच ठेवतात, प्लास्टरखाली चूक लपवता येत नाही.

स्लॅबचं गणित तर मला फारच आवडतं. स्लॅबवर वजन आलं की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब झेलतं, ताण झेलते ती सळई, म्हणजे खालचं बरंचसं काँक्रीट नुसतं सळई धरून ठेवायला असतं. तिथे सळयांच्या मधल्या चौकोनात जुनी मंगलोरी कौलं दोन-दोन ठेवायची, स्लॅब हलका होतो, सिमेंट वाचतं आणि दोन कौलांमधली हवा उन्हाळ्यात कामाला येते.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो, जुनं सागवान पूर्ण सुकलेलं असतं म्हणून नंतर पिळत नाही, पण भिंतीत गाडलेली तुळईची टोकं ठोकून बघा, कुजलं तर तिथेच कुजतं. करवतीखाली जायच्या आधी चुंबक फिरवून खिळे काढून घ्या.

एक गोष्ट मात्र जुन्यासारखी करायची नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद लोकांच्या अंगावर आलं. जाड भिंत थंडावा देते, पण बांधून ठेवलेली नसेल तर जीव घेते. म्हणून जोत्याला, खिडकीच्या वर आणि छताखाली सळईचे पट्टे घ्यायचेच, कोपऱ्यात रॅट-ट्रॅपच्या पोकळीतून उभी सळई सोडायची, आणि हे सगळं इंजिनिअरकडून आखून घ्यायचं. पट्ट्यांना सिमेंट काँक्रीट वापरा, तिथे चुन्याचा हट्ट नको. बाकी भिंतीला एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा माल चालतो, सांधा पुरेसा मजबूत होतो आणि पुढे कुणी हे घर उतरवलं तर बऱ्याचशा विटा अख्ख्या निघतात.