द्राक्षचोथ्याचे हरित निष्कर्षण

वाइन किंवा रसासाठी द्राक्षे दाबली की साल, बिया, गराचा तंतुमय भाग आणि थोडे देठ मागे राहतात. हा चोथा द्राक्षांच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भरतो. फळातील बहुतेक पॉलिफेनॉल (ऑक्सिडीकरण रोखणारी वनस्पतिज संयुगे) याच भागात असतात : सालीत लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिने व थोडे रेस्व्हेराट्रॉल, बियांत तुरट चवीची प्रोअँथोसायनिडिने आणि लिनोलेइक आम्लाने समृद्ध तेल. घातक विद्रावक (संयुगे विरघळवून घेणारे पदार्थ) टाळून आणि ऊर्जा व पाणी जपून वापरून ही संयुगे वेगळी काढणे म्हणजे हरित निष्कर्षण. फ्रान्समधील आविन्याँ विद्यापीठातील फरीद शेमा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याची सहा तत्त्वे मांडली. चोथ्यातून रंग काढण्याचा उद्योग मात्र बराच जुना आहे. इटलीत ‘एनोचानिना’ हा खाद्यरंग एकोणिसाव्या शतकापासून तयार होत आला आहे.

खरी कसोटी निष्कर्षणाच्या यंत्राच्या आधीच लागते. दाबयंत्रातून निघालेल्या चोथ्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात नाशिक भागातल्या उन्हात त्याचा ढीग तसाच पडू दिला, तर तो आतून तापतो, व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, बुरशी धरते आणि हवेच्या संपर्काने पॉलिफेनॉल नासू लागतात. म्हणून तो लगेच वाळवावा किंवा गोठवावा लागतो. वाळवताना तापमान फार वाढले तर अँथोसायनिने नष्ट होतात, आणि वाळवण्याला लागणारे इंधन हिशेबात धरले नाही तर ‘हरित’ हे विशेषण पोकळ ठरते. अनेक अहवालांत केवळ विद्रावकाचीच चर्चा असते. ही मोठी उणीव आहे.

वाळलेल्या चोथ्यातून बिया चाळून वेगळ्या करतात. त्यांचे तेल काढण्यासाठी पूर्वापार हेक्झेन हा पेट्रोलियमपासून मिळणारा विद्रावक वापरतात. त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड चालतो. ३१.१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार यांच्या पुढे तो वायूसारखा पसरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. दाब उतरवला की वायू निघून जातो आणि मागे विद्रावकाचा अंश नसलेले तेल राहते. पॉलिफेनॉल मात्र ध्रुवीय (तेलापेक्षा पाण्यासारख्या द्रवांत सहज विरघळणारे) असल्याने नुसत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये फारसे उतरत नाहीत. त्यासाठी त्यात थोडे इथेनॉल मिसळावे लागते. यंत्रसामग्री उच्च दाबाची, म्हणून महाग असते आणि लहान वायनरीच्या आवाक्याबाहेर जाते.

सालीसाठी पाणी व इथेनॉल यांचे किंचित आम्लयुक्त मिश्रण सर्वांत सोयीचे ठरते. त्यात श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडल्या की द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. सालीच्या पेशीभित्तीजवळ फुटणाऱ्या बुडबुड्यातून द्रवाची सूक्ष्म धार भित्तीवर आदळते, तिला भेगा पडतात आणि रंग बाहेर येतो. त्यामुळे नुसते भिजवत ठेवण्याला लागणारे तास काही मिनिटांवर येऊ शकतात. सूक्ष्मलहरी, विद्युतस्पंद आणि पेशीभित्तीतील पेक्टिन तोडणारी पेक्टिनेजसारखी विकरेही (एन्झाइम) याच कामी येतात. लाल वाइनच्या चोथ्यातील बराच रंग आंबवतानाच वाइनमध्ये उतरलेला असतो, तरीही उरलेला काढण्याजोगा असतो.

पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हा रसासाठीचा वाण विकसित केला. त्यात अँथोसायनिने भरपूर असल्याने त्याचा चोथाही मौल्यवान आहे.

या अर्कांचा उपयोग खाद्यरंग, तेलाचे खवटणे लांबवणारे पदार्थ आणि पूरक आहारात होतो. रेस्व्हेराट्रॉलबद्दलचे आरोग्यविषयक दावे जपून वाचावेत. ते शरीरात झपाट्याने रूपांतरित होते आणि प्रयोगशाळेत पेशींवर दिसलेला परिणाम माणसांत तसाच दिसतो असे नाही. फवारणीचे अवशेष सालीवर राहतात आणि काही अर्कात उतरू शकतात. त्यामुळे चोथा कोणत्या बागेतला आहे याची नोंद ठेवणे आणि अर्काची अवशेष-चाचणी करणे, ही उत्पादनाची अनिवार्य पायरी मानायला हवी.