बोली जिंकलेला खरेदीदार फिरला तर : वस्तू विकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगावच्या उद्यमबागेतली जुनी लेथ (धातू कापायचं यंत्र) असो, शहापुरातल्या घरात बंद पडलेला माग असो, नाहीतर आजीच्या माजघरातला पितळी हंडा. ऑनलाइन लिलावाला वस्तू लावताना सगळ्यांना काळजी असते ती भावाची. खरी डोकेदुखी नंतर सुरू होते. बोली लागते, वेळ संपते, आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदार म्हणतो, "राहू दे, नको आता."

जत्रेनंतर देवळासमोर साड्या-नारळांचा लिलाव होतो, तिथं असं सहसा घडत नाही. बोलणाऱ्याला अख्खा गाव ओळखतो. मोबाइलवर बोली लावणाऱ्याला ती भीड नाही, म्हणून कागद लागतो.

सौदा कधी पक्का होतो?

1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे हातोडा पडेपर्यंत, किंवा रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर होईपर्यंत, बोली मागं घेता येते. आमच्या ऑनलाइन लिलावात हातोड्याच्या जागी घड्याळ आहे. वेळ संपून 'विक्री पूर्ण' हा मेसेज दोघांना गेला की करार झाला. त्याआधी कुणी बोली मागं घेतली तर तो त्याचा हक्क, त्यावरून वाद नको. मोबाइलवर झाला म्हणून करार कच्चा ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10-अ त्यासाठीच आहे. मात्र बोली लावणारा अठरा वर्षांखालचा निघाला तर करारच होत नाही. बापाच्या मोबाइलवर पोरानं बटण दाबलं, असं कळलं तर हुज्जत घालत बसू नका.

आधी कारण विचारा

माणूस फिरला असं म्हणण्याआधी आपलीच जाहिरात एकदा वाचा. लेथच्या बेडवर झीज आहे, पण फोटोत तिथं नेमकं फडकं पडलेलं. मोटर 'चालू' लिहिली आणि खरेदीदार बघायला आला तर ती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी नकार देणारा माणूस शब्द मोडत नाही. इसार (आगाऊ घेतलेली रक्कम) परत द्यायचा, जाहिरात दुरुस्त करायची आणि वस्तू पुन्हा लावायची. आम्ही इथं विक्रेत्याची बाजू घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोटीस द्या, मगच दुसऱ्याला विका

पैसे भरायला आमच्या अटींत 3 दिवस आहेत. तेवढे जाऊ द्या. वस्तू आपल्या ताब्यात आहे तोवर आपली बाजू भक्कम असते, कारण पूर्ण पैसे मिळेपर्यंत माल रोखून धरायचा हक्क कायदाच देतो. "टेम्पो पाठवतो, पैसे पोचल्यावर देतो" याला हो म्हणू नका.

चौथ्या दिवशी लेखी नोटीस द्यायची: अमुक तारखेपर्यंत पैसे भरा, नाहीतर वस्तू दुसऱ्याला विकणार आणि भावात तूट आली तर ती तुमच्याकडून घेणार. व्हॉट्सॲपवर आणि पोस्टानं पोचपावतीसह, दोन्हीकडून पाठवा. हुबळी-गोकाककडच्या माणसाला कन्नडमध्ये आणि कोल्हापूर-सांगलीकडच्याला मराठीत, म्हणजे "मला कळलंच नाही" म्हणायला जागा उरत नाही. ही नोटीस म्हणजे नुसता उपचार नव्हे. माल विक्री कायद्याच्या कलम 54 प्रमाणे नोटीस न देता माल परत विकला तर तूट मागता येत नाही; उलट जास्त भाव आला तर वरच्या पैशावर पहिला खरेदीदार हक्क सांगू शकतो!

दुसऱ्या बोलीवाल्याला कोणता भाव सांगायचा?

इथं पुष्कळ जण चुकतात. समजा, लेथवर तिघं होते आणि बोली 2,000 च्या टप्प्यानं चढत होती. तिसरा 1,40,000 ला थांबला. उरलेल्या दोघांनी एकमेकांना चढवलं. दुसरा 1,78,000 वर थांबला, पहिल्यानं 1,80,000 ला घेतली आणि गायब झाला. आपण दुसऱ्याला 1,78,000 मागतो. तो म्हणतो, "तो माणूस नसता तर मला 1,42,000 लाच मिळाली असती." त्याचं खोटं नाही. पण 1,78,000 द्यायला तो स्वतःहून तयार झाला होता, हेही खरं. आमचा सल्ला असा, की मधे कुठंतरी जमवा. 1,60,000 ला जमलं तर तूट 20,000. आमच्या नियमाप्रमाणे इसार 5 टक्के, म्हणजे 9,000 हातात आहेत. उरले 11,000.

या 11,000 साठी दावा लावता येतो, मुदत 3 वर्षांची आहे. पण कोल्हापूरच्या माणसावर बेळगावच्या कोर्टात तारखा घालण्यापेक्षा तो वेळ धंद्याला द्यावा, असं आम्हाला वाटतं. रक्कम मोठी असेल तर वकिलाला भेटाच. पोलिसांत जाऊन उपयोग नाही, नुसता शब्द फिरवणं हा दिवाणी मामला आहे. आणि इसार भरमसाट ठेवून तो गिळता येईल, असंही समजू नका. करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच मान्य करतं.

बिल आधी फाडलं असेल तर

क्रेडिट नोट (बिलाची रक्कम मागं घेणारा कागद) काढा. माल राज्याच्या सीमेपलीकडं जायचा म्हणून ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) बनवलं असेल तर ते 24 तासांच्या आत रद्द करावं लागतं. ही वेळ हमखास निसटते.

फिरणारा नव्हे, फसवणारा

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, घराघरात कुणी ना कुणी फौजेत. त्यामुळे "मी आर्मीत आहे" म्हटलं की आपण विरघळतो. फसवणारे हेच नेमकं वापरतात. जादा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो, मग "सौदा रद्द, पैसे परत करा" म्हणून तगादा. आधी बँकेचं खातं बघा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माल विक्री कायद्याचं साल आणि हा नंबर एकच, लक्षात ठेवायला सोपं.

नोटिशीचा नमुना मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आमच्या ऑफिसात मोफत मिळतो. येताना 'विक्री पूर्ण'चा मेसेज, खरेदीदाराशी झालेलं चॅट आणि वस्तूचे मूळ फोटो मोबाइलमध्ये ठेवून या. चॅट पुसलं असेल तर आमचेही हात बांधले जातात.