जुने कॅम्पर ट्रेलर : शोध आणि जीर्णोद्धार

मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे, आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅम्पर ट्रेलर. साधारण १९३० ते १९७० या काळात बनलेले असे ट्रेलर हुडकून पुन्हा रस्त्यावर आणणे हा अमेरिकेतला रुजलेला छंद आहे, काहींचा पोटापाण्याचा धंदाही. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवतो, पण इथेही तो चपखल बसतो. दोन्हीकडे मूळ दुखणे एकच : गळके छप्पर आणि आत मुरलेले पाणी.

१९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे मोटारीने भटकणाऱ्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणाला डाखलेला पत्र्याचा डबा ही त्यांची ओळखखूण. संघटना पुढे विरली. १९९८ मध्ये ती जुन्या ट्रेलरच्या शौकिनांनी नव्याने उभी केली. मधल्या काळात ट्रेलरच्या बांधणीचे दोन घाट पडले होते. हाती लागलेला ट्रेलर कोणत्या घाटाचा, यावर पुढचे सगळे काम ठरते.

पहिला घाट विमानाचा : रिव्हेटने, म्हणजे टोक चेपून बसवलेल्या खिळ्यांनी, जोडलेले ॲल्युमिनियमचे कवच. अटलांटिक एकट्याने न थांबता ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग याचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे विमान बांधून घेण्यात ज्यांचा हात होता, त्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ बनवला. त्याच धाटणीचा ‘क्लिपर’ वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये आणला. महायुद्धानंतर टल्सा येथील स्पार्टन या विमान कंपनीनेही याच पद्धतीचे ट्रेलर काढले. दुसरा घाट सुताराचा : बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून प्लायवूड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. बाजूने पाहिल्यास हे ट्रेलर हॅमच्या (डुकराच्या मांसाच्या) आडव्या डब्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना ‘कॅन्ड हॅम’ म्हणतात. मागच्या बाजूला पंख मिरवणारे शास्ता कंपनीचे ट्रेलर त्यांतले सर्वांत ओळखीचे.

शोध बहुधा शेतावरच्या गोठ्यात, परसात किंवा शिकारीच्या तळावर संपतो. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातला माल अनेकजण पसंत करतात. तिथे रंग उडतो, रबर तडकते, पण लाकूड टिकते. पाहायला जाताना खिशात दाभण असावा. खिडक्यांखाली, कोपऱ्यांत आणि दाराजवळच्या तळाशी तो टोचून पाहायचा. लोण्यात शिरावा तसा शिरला, तर पत्रा कितीही चकचकीत असो, आतला सांगाडा गेलेला असतो. एअरस्ट्रीमची परीक्षा वेगळी. एकाने मागच्या बंपरवर उभे राहायचे, दुसऱ्याने वाकून पाहायचे. बंपर दबला आणि वरचे कवच जागेवरच राहिले, तर मागची फळी कुजून कवच चासीपासून सुटले आहे असे समजावे. मालकीचे कागद आणि जोडदांड्यावरचा क्रमांक जुळतो का, हेही तेव्हाच पाहिलेले बरे. कागद नसलेला ट्रेलर स्वस्तात मिळतो आणि नोंदणीच्या वेळी महागात पडतो.

सुताराच्या घाटाचा ट्रेलर कारखान्यात आतून बाहेर बांधला जाई : आधी आतले प्लायवूड, मग सांगाडा, शेवटी पत्रा. म्हणून तो उलट्या क्रमाने, पत्र्यापासून उकलावा लागतो. नवशिके आतून सुरुवात करतात आणि फसतात. कुजलेली फळी भुसा होऊन हातात आली तरी टाकायची नसते. तिच्याच कडा आखून नवी कापायची असते. कोपऱ्यांच्या पट्ट्यांखालचा लांबीचा (पुट्टीचा) थर वर्षानुवर्षे वाळून भेगाळतो आणि पाणी तिथूनच शिरते, म्हणून तिथे आता ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लावतात. आतल्या बर्च लाकडाच्या प्लायवूडला जुनी मधाळ झाक आणायला लाखेचे पॉलिश चढवतात. आपल्याकडचे जुने सुतार स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून करतात तेच हे पॉलिश.

एअरस्ट्रीमची फरशी कवच आणि चासी यांच्यामध्ये दाबलेली असते. ती नीट बदलायची तर अख्खे कवच उचलावे लागते. रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात : बाहेरचा हवेच्या बंदुकीने ठोकतो, आतला लोखंडी ठोकळा धरून टोक चेपतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. थांब-सुरूचा इशारा पत्र्यावर टकटक करून द्यायचा. १९६१ पासूनच्या एअरस्ट्रीमच्या आसात (चाकांच्या दांड्यात) रबर असते. ते कडक झाल्यावर धक्के थेट कवचाला बसतात, म्हणून आस बदलणे भाग पडते. गॅसच्या जुन्या नळ्या, विजेच्या तारा आणि टायर यांच्याबाबतीत हौस बाजूला ठेवावी. खाचा शाबूत दिसल्या तरी टायर वयाने मरतो.

मूळ रूप किती जपायचे, यावर शौकिनांत कायमचा वाद आहे. आतले सगळे उपटून पांढरा रंग फासणारे एकीकडे, कपाटाची मूळ कडी मिळेपर्यंत वर्षभर थांबणारे दुसरीकडे. पांढऱ्या रंगाखाली गेलेले बर्च पुन्हा उघडे करणे फार जिकिरीचे, एवढे मात्र दोन्ही बाजू मान्य करतात. या हौसेचे वजन कारखानदारांनीही ओळखले : २०१५ मध्ये शास्ताने १९६१ च्या ‘एअरफ्लाइट’ची नवी आवृत्ती काढली, बरोबर १,९४१ नग, कारण कंपनीचे स्थापनावर्ष १९४१. त्यामुळे पंखवाला शास्ता दिसला की शौकीन आता आधी वाकून क्रमांक वाचतात.