सरकारी ‘राइडशेअर’ म्हणजे उबर नव्हे

अमेरिकेत राइडशेअरला सरकारी अनुदान मिळतं म्हटलं की शेरा ठरलेला: ‘म्हणजे करदात्यांच्या पैशावर उबरची चंगळ!’ काही शहरांनी अ‍ॅपवाल्या फेऱ्यांना पैसे दिलेत, नाही असं नाही. पण सरकारी कागदांतलं राइडशेअर म्हणजे मुख्यतः कारपूल आणि व्हॅनपूल, म्हणजे एकाच वाटेच्या लोकांनी एका गाडीतून किंवा व्हॅनमधून जाणं, आणि ते अ‍ॅपपेक्षा कितीतरी जुनं.

१९७३च्या तेलटंचाईनंतर, जानेवारी १९७४मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्यात कारपूलच्या प्रायोगिक प्रकल्पांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलायची सोय होती. कशासाठी? एकाच वाटेच्या लोकांची गाठ घालून द्यायला, कारपूलसाठी राखीव मार्गिका आखायला, पार्किंगला. चालकाला भाडं द्यायला नव्हे.

व्हर्जिनियातून वॉशिंग्टनला जाणाऱ्या वाटेवर अशा राखीव मार्गिकांचं फळ दिसतं. सकाळी पार्किंगच्या जागेत अनोळखी माणसं रांगेत उभी. गाडीवाला काच खाली करून ‘पेंटागॉन’ (संरक्षण खात्याचं मुख्यालय) म्हणतो, पुढचे दोघे मुकाट बसतात. याला तिथे ‘स्लगिंग’ म्हणतात. भाडं शून्य! तिघे झाले की एक्स्प्रेस मार्गिकेचा टोल माफ, आणि गाडीवाल्याची कमाई तेवढीच.