पक्ष्यांच्या टपाल तिकिटांचा संग्रह

पक्ष्यांची चित्रं असलेली पोस्टाची तिकिटं जमवणं हा थीमॅटिक फिलाटेली, म्हणजे एकच विषय धरून तिकिटं जमवण्याचा प्रकार. देश कुठलाही, साल कुठलंही, तिकिटावर पक्षी पाहिजे एवढीच अट. कोणी देशवार लावतं, कोणी पक्ष्यांच्या कुळाप्रमाणे, म्हणजे सगळी बदकं एका पानावर, सगळे धनेश दुसऱ्या, आणि मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते कारण नाव शोधता शोधता पक्षीच ओळखीचे होतात.

सुरुवात 1845 ची. स्वित्झर्लंडमधल्या बासलने चोचीत पत्र धरलेल्या पांढऱ्या कबुतराचं तिकीट काढलं, तीन रंगात, कबूतर उठावाचं. मग 1854 ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा काळा हंस आला. न्यूझीलंडच्या 1898 च्या तिकिटांवर हुइया नावाचा तिथला पक्षी आहे, आणि खात्रीने दिसलेला शेवटचा हुइया 1907 चा, म्हणजे तिकीट आलं आणि दहा वर्षांच्या आत पक्षीच गेला. हे तिकीट बघताना दर वेळी वाईट वाटतं.

आपल्याकडे पक्ष्यांचा पहिला छान सेट 1968 चा, त्यात सूर्यपक्षी, सुतारपक्षी वगैरे चार तिकिटं. 1975 च्या सेटमध्ये नवरंग आणि हळद्या आहेत, हे दोघं महाराष्ट्रातही दिसतात म्हणून नवीन माणसाने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. 1983 ला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला 100 वर्षं झाली तेव्हाच्या तिकिटावर धनेश, आणि 1996 ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मशताब्दीला त्यांच्यासोबत चित्रबलाक. 2006 च्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या सेटमध्ये तणमोर आहे. 2010 ला तर चिमणी आणि कबूतरसुद्धा आले!

सगळ्यात जास्त शोधला जातो तो 1994 चा पाणपक्ष्यांचा सेट, चार तिकिटं एकमेकांना जोडलेली, त्यात गुलाबी डोक्याचं बदक पण आहे जे कित्येक दशकं कोणाला खात्रीने दिसलेलंच नाही. शाई पाण्यात विरघळते म्हणून पोस्टाने हा सेट लगेच मागे घेतला. एरवी वापरलेलं तिकीट पाकिटाच्या कागदासकट साध्या पाण्यात ठेवतात, गोंद सुटला की चिमट्याने काढून सोखकागदावर वाळवतात, पण हा सेट चुकूनही भिजवू नका. तिकिटाचे दाते अख्खे असावेत आणि शिक्का पक्ष्याच्या डोळ्यावर आलेला नसावा, हे बघून घ्यावं.

माळढोकाचं तिकीट 1980 चं, 2 रुपये 30 पैशांचं. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण आता तिथे माळढोक दिसणं फार दुर्मिळ झालंय. माझ्या अल्बममध्ये तो हुइयाच्या शेजारी लावलेला नाही, मुद्दाम, त्याचं पान वेगळं ठेवलंय.